चंदनी की अबोली? एका खोलीसाठी दोन उबदार रंगांची तुलना

घराला पहिल्यांदाच स्वतःच्या हौसेने रंग काढणाऱ्या माणसाला रंगारी शोधणे, भाव ठरवणे किंवा सामान हलवणे यांपेक्षा जास्त त्रास एका गोष्टीचा होतो: शेडकार्डातल्या शेकडो चौकोनांतून छाटत छाटत हाती दोन रंग उरतात आणि त्या दोघांतून एक काही केल्या निवडता येत नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीने बडोद्याच्या गोत्री भागात घर घेतले, तेव्हा तिचेही हेच झाले. बसण्याच्या खोलीला काहीतरी उबदार हवे एवढे पक्के होते, आणि उरलेले दोन रंग म्हणजे उगाळलेल्या चंदनासारखा फिकट पिवळसर, आणि अबोलीच्या फुलाची पुसट छटा असलेला फिकट नारिंगी-गुलाबी. कंपन्या अशा रंगांना निरनिराळी नावे देतात, म्हणून या लेखात मी त्यांना चंदनी आणि अबोली असेच म्हणणार आहे. आम्ही दोघींनी ज्या क्रमाने तुलना केली, तो क्रम इथे सविस्तर लिहीत आहे. बडोद्याच्या उन्हाचा त्यात मोठा वाटा आहे. इतर गावच्या वाचकांनी आपल्या खिडक्यांप्रमाणे त्यात बदल करावा.

आधी थोडे पिवडी आणि कावेविषयी

माझ्या लहानपणी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराला दिवाळीआधी चुना लागत असे. पुढच्या खोलीच्या चुन्यात चिमूटभर नीळ पडे, माजघराच्या चुन्यात पिवडी, आणि भिंतीच्या तळाशी कावेचा पट्टा ओढला जाई. पिवडी आणि काव या दोन मातींची ओळख असली, तर आजच्या डब्यांतल्या बहुतेक उबदार रंगांचे गणित उलगडते. दोन्हींचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडमुळे येतो. पिवडीला पिवळेपणा देणाऱ्या गोएथाइट या खनिजात पाण्याचा अंश बांधलेला असतो; पिवडी भाजली की तो निघून जातो आणि मागे राहते ते हेमाटाइट, म्हणजे कावेला तांबडेपणा देणारे खनिज. पिवळा आणि तांबडा हे दोन्ही रंग असे एकाच घरातले आहेत.

दुकानातले रंग मिसळणारे यंत्रही बहुतांशी हेच करते. पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे छटा न मिसळलेल्या मूळ रंगात, ते पिवळ्या ऑक्साइडचे, तांबड्या ऑक्साइडचे आणि काळ्याचे मोजून थेंब सोडते. चंदनीत पिवळा जास्त, तांबडा नावापुरता आणि काळा अगदी थोडा असतो. अबोलीत तांबड्याचा भाग वाढतो. यंत्र डब्यावर चिकटवायची जी चिठ्ठी छापून देते, तिच्यावर कोणता रंग किती पडला हे सांकेतिक अक्षरांत लिहिलेले असते, आणि दुकानदाराला विचारले तर तो त्यांचा अर्थ सांगतो. ही चौकशी जरूर करावी. लोखंडाच्या ऑक्साइडपासून झालेले रंग उन्हात टिकतात आणि गिलाव्यातल्या चुना-सिमेंटनेही बिघडत नाहीत, तर काही भडक पिवळ्या-नारिंगी छटांसाठी सेंद्रिय रंगद्रव्ये वापरली जातात आणि त्यांतली काही कडक उन्हाच्या भिंतीवर लवकर फिकी पडतात. ज्या खोलीत दुपारचे ऊन थेट भिंतीवर येते, तिथे दोन रंगांमधला हा फरक आवडीनिवडीपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

एखाद्या रंगात मुख्य छटेच्या मागे जी दुसरी छटा डोकावते, तिला आपण झाक म्हणतो. शेडकार्डावर झाक ओळखण्याचा सोपा उपाय असा की, आपला फिकट चौकोन ज्या पट्टीवर आहे, त्याच पट्टीच्या सर्वांत गडद टोकाकडे पाहावे. फिकट टोकाला जे लपलेले असते, ते गडद टोकाला उघड होते. भाचीच्या चंदनीचे गडद टोक मोहरीसारखे निघाले, म्हणजे तिच्यात किंचित हिरवट झाक होती. अबोलीचे गडद टोक विटेसारखे होते.

पहिली पायरी: खोलीच्या प्रकाशाची नोंद

दुकानात जाण्यापूर्वी एक दिवस खोलीत घालवावा आणि ऊन केव्हा, कुठून आणि कोणत्या भिंतीवर येते हे कागदावर लिहून काढावे. दिशा होकायंत्राने पाहावी. मोबाइलमधले होकायंत्र या कामाला पुरते. बांधकामाच्या नकाशावर 'पूर्वाभिमुख' लिहिलेले असले तरी बसण्याच्या खोलीची खिडकी भलतीकडेच असू शकते.

बडोदे सुमारे २२.३ उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. त्यामुळे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश वर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर शिरते, तर साधारण जूनच्या आरंभापासून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेलाच सरकलेला असतो आणि उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येऊन जाते. जानेवारीत निवडलेला रंग मे महिन्यात वेगळा वाटतो, त्याचे एक कारण हे आहे.

दिशेप्रमाणे दोन्ही रंगांचे काय होते, ते माझ्या पाहण्यातून सांगते. उत्तरेचा प्रकाश मुख्यतः आकाशाचा असतो. तो दिवसभर बराचसा स्थिर आणि निळसर असतो. त्यात चंदनी थंडावते आणि हिरवट झाक असेल तर ती पुढे येते, उलट अबोलीचा तांबडेपणा त्या निळसरपणाला तोलून धरतो आणि खोली शांत, प्रसन्न दिसते. पश्चिमेच्या खिडकीचे याच्या अगदी विरुद्ध आहे. संध्याकाळचे ऊन स्वतःच नारिंगी असते, ते अबोलीवर पडले की भिंत पेटल्यासारखी दिसते, आणि बडोद्याच्या एप्रिल-मेमध्ये दिवसभराच्या तापानंतर असली भिंत डोळ्यांना नकोशी होते. चंदनी मात्र त्याच उन्हात मधासारखी खुलते. पूर्वेच्या खोलीत दोन्ही रंग सकाळी सुंदर दिसतात, म्हणून तिथला निर्णय दुपारनंतरच्या मंद प्रकाशात करावा. दक्षिणेच्या खोलीला दोहोंपैकी कोणताही चालतो. उन्हाने रंग किती बदलतो हे एकदा मोकळ्यावर पाहायचे असेल, तर १८९० मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मी विलास राजवाड्याचा पिवळसर दगड दुपारी बारा वाजता आणि पुन्हा सूर्यास्ताच्या सुमारास पाहावा. दगड तोच असूनही दोन वेळचे दोन रंग डोळ्यांत राहतात.

दिशेइतकेच खिडकीसमोर काय आहे यालाही महत्त्व आहे. जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांत ऊन थेट घरात येतच नाही. ते समोरच्या भिंतीवर आपटून, तिचा रंग घेऊन आत येते. आमच्या दांडिया बाजारातल्या घरासमोरची भिंत काही वर्षे पोपटी होती, आणि त्या काळात आमच्या पुढच्या खोलीचा पिवळसर रंग सकाळी दहापर्यंत आजारी दिसत असे. खिडकीबाहेर कडुनिंब किंवा वड असेल तर पानांतून येणारा प्रकाशही असाच हिरवट असतो. अशा खोलीत मोहरीकडे झुकणारी चंदनी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: दोन्ही रंग एकाच उजळपणावर आणणे

नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक इथे होते. हातातल्या दोन चौकोनांपैकी एक दुसऱ्यापेक्षा गडद असतो, आणि आपण पिवळा की तांबडा हे ठरवत आहोत असे वाटत असताना प्रत्यक्षात उजळ की गडद हेच ठरवत असतो. फिकट रंग खोली मोठी दाखवतो म्हणून तो आवडतो, आणि त्याच्या झाकेचा विचारच होत नाही.

रंग किती प्रकाश परत फेकतो हे सांगणारा एक आकडा असतो, त्याला एलआरव्ही म्हणतात. पूर्ण काळ्यासाठी तो ० आणि पूर्ण पांढऱ्यासाठी १०० धरतात. काही कंपन्या तो शेडकार्डाच्या मागे किंवा संकेतस्थळावर छापतात. तुलनेसाठी घेतलेल्या दोन छटांच्या आकड्यांत पाचाहून अधिक अंतर असू नये. असेल तर त्याच पट्टीवर एक घर वर किंवा खाली सरकून जोडी जुळवावी. एकच खिडकी असलेल्या लहान खोलीसाठी हा आकडा ६० च्या वर ठेवावा, असे मी सुचवीन. आकडा मिळाला नाही, तर दोन्ही चौकोन शेजारी ठेवून डोळे अगदी बारीक करून पाहावे, किंवा मोबाइलवर त्यांचा कृष्णधवल फोटो काढावा. दोन्ही चौकोन करड्या रंगाच्या एकाच पातळीवर दिसू लागले, म्हणजे जोडी जुळली. भाचीची अबोली चंदनीपेक्षा बरीच गडद निघाली. एक घर फिकी अबोली घेतल्याबरोबर तिचे पहिले मत डळमळले आणि खरी तुलना त्यानंतर सुरू झाली.

तिसरी पायरी: नमुन्याचे फलक

अंगठ्याएवढ्या चौकोनावरून खोलीचा रंग कधीही ठरवू नये. बऱ्याच दुकानांत नमुन्यासाठी लहान डबा मिळतो. तो नसेल तर ज्या प्रकारचा रंग भिंतीला लावायचा आहे, त्याच प्रकारातला सर्वांत लहान डबा दोन्ही छटांत करून घ्यावा. हा खर्च वाया जात नाही, कारण हाच रंग पुढे कपाटाच्या आतल्या बाजूला किंवा डागडुजीला कामी येतो.

नमुना थेट भिंतीवर लावण्याची पद्धत सर्रास आहे, पण मला ती पटत नाही. जुन्या भिंतीचा रंग नमुन्याला चारी बाजूंनी वेढतो आणि डोळ्याला फसवतो: फिकट निळ्या भिंतीवरचा चंदनीचा ठिपका आहे त्याहून पिवळा दिसतो, आणि हिरवट भिंतीवरची अबोली आहे त्याहून गुलाबी. शिवाय असा नमुना जागचा हलवता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक रंगासाठी दोन, असे प्लायचे किंवा जाड पुठ्ठ्याचे चार फलक घ्यावे. फलक निदान दोन फूट बाय दोन फूट असावा. त्यावर आधी पांढऱ्या प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, एक हात द्यावा, मग कडेने दोन बोटे जागा पांढरी सोडून रंगाचे दोन हात द्यावे. भिंतीवर रंग रोलरने लागणार असेल तर फलकावरही रोलरच वापरावा, कारण रोलरने उठणाऱ्या बारीक दाण्यांमुळे रंग कुंचल्याच्या सपाट हातापेक्षा किंचित गडद भासतो.

फलक पूर्ण वाळल्याशिवाय त्याच्याविषयी मत बनवू नये. इमल्शनमधला, म्हणजे पाण्यात कालवून भिंतीला लावायच्या आजच्या रंगातला, चिकट घटक ओला असताना दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून असा रंग वाळल्यावर थोडा गडद होतो. चुन्याचे नेमके उलट असते. तो ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर कितीतरी उजळतो. घरातली वडीलधारी माणसे 'वाळल्यावर फिका होईल' असे सांगतात, ते त्यांच्या चुन्याच्या अनुभवातून आलेले असते. इमल्शनच्या बाबतीत त्यावर विसंबून चालणार नाही.

चमक दोन्ही फलकांवर एकसारखीच हवी. मॅट रंग प्रकाश सगळीकडे सारखा विखुरतो आणि भिंतीचा उंचसखलपणा झाकतो. चकाकी असलेला रंग पुसायला सोपा, पण खिडकीसमोर त्यावर उजेडाचे पांढुरके पट्टे उमटतात आणि तिथे खरा रंग दिसेनासा होतो. एक फलक मॅट आणि दुसरा चकाकणारा असेल, तर तुलनेला अर्थ उरत नाही.

चौथी पायरी: पाहणे

या पायरीला किमान तीन दिवस द्यावे. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री दिवे लागल्यावर, अशा चार वेळा ठरवून घ्याव्या. बाहेरच्या झगझगीत उन्हातून आल्या आल्या फलकांकडे पाहू नये. खोलीत पाच-दहा मिनिटे बसावे, डोळे स्थिरावू द्यावे आणि मगच पाहावे. प्रत्येक वेळी फलक खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर आणि सर्वांत काळोख्या कोपऱ्यात, असे फिरवून उभेच टेकवावे. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या फलकावर वरचा प्रकाश पडतो आणि तो भिंतीपेक्षा उजळ दिसतो.

दोन्ही रंग आधी एकेकटे पाहावे, नंतर शेजारी ठेवून पाहावे. शेजारी ठेवल्याने झाकेतला फरक कळतो. एकेकटे पाहिल्याने त्या रंगासोबत राहणे कसे असेल हे कळते. राहायचे एकाच रंगासोबत असल्यामुळे माझ्या दृष्टीने एकेकटे पाहण्याचे वजन जास्त आहे.

आता त्या प्रत्येकी दोन फलकांचा उपयोग. एकाच रंगाचे दोन फलक खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात उभे करावे आणि त्यांच्या मधल्या सांध्याकडे लक्ष द्यावे. एका फलकावरून परतलेला प्रकाश दुसऱ्यावर पडतो आणि तो रंग घेऊन आलेला असतो, त्यामुळे सांध्याजवळ रंग अधिक दाट दिसतो. चार भिंती रंगल्यावर संपूर्ण खोलीत हेच घडते. प्रकाश भिंतीवरून भिंतीवर जातो आणि दर आपटीला रंगाचा आणखी एक थर चढवून घेतो. आठ वर्षांपूर्वी हे ठाऊक नसताना मी आमच्या मागच्या खोलीसाठी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली अबोलीची एक छटा पसंत केली होती. शेडकार्डावर ती जेमतेम रंगीत वाटत होती, पण चारही भिंतींना लागल्यावर खोली सरळ गुलाबी झाली, आणि त्या गुलाबी खोलीत आम्हाला दोन वर्षे काढावी लागली. सांध्यातला रंग जर सोसवत नसेल, तर त्याच पट्टीवर एक घर फिकी छटा घ्यावी. तांबड्या झाकेच्या रंगात हा दाटपणा लवकर खटकतो, म्हणून अबोलीच्या बाबतीत तरी मी शेडकार्डावर आवडलेल्या छटेपेक्षा एक घर फिकी छटाच घ्यायला सांगेन.

दिवेलागणीच्या वेळी, दिवे न लावता, पाच मिनिटे आणखी एक गोष्ट पाहावी. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना तांबडे रंग आधी काळवंडलेले दिसू लागतात. त्या वेळी अबोली चंदनीच्या आधी मावळते. ज्यांच्या घरी संध्याकाळी देवापुढे दिवा लागेपर्यंत मोठे दिवे लावत नाहीत, त्यांच्यासाठी हा फरक रोजचा आहे.

नोंदी मात्र शब्दांतच कराव्या. मोबाइलचा कॅमेरा फोटोतला पांढरा रंग स्वतःच दुरुस्त करू पाहतो, आणि त्या खटपटीत उबदार भिंतीची ऊबच काढून टाकतो. दूरच्या नातेवाइकांना फोटो पाठवायचाच असेल, तर फलकाशेजारी कोरा पांढरा कागद धरावा, म्हणजे त्यांना निदान तुलनेला काहीतरी मिळेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाची अबोलीच्या फलकाकडे पाहून म्हणाली, "मावशी, हा कालचाच फलक आहे ना?" काल आभाळ होते आणि आज लख्ख ऊन होते, एवढाच बदल झाला होता.

पाचवी पायरी: रात्रीचे दिवे

नोकरी करणाऱ्या माणसांची बसण्याची खोली बहुतेक वेळ दिव्यांच्याच उजेडात वापरली जाते, तरी रंग ठरवताना दिव्यांचा विचार सर्वांत शेवटी होतो. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० केल्विनचा उजेड पिवळसर, जुन्या काचेच्या बल्बसारखा असतो. ४००० च्या आसपास तो तटस्थ होतो. आणि आपल्याकडे घरोघरी दिसणारा पांढराशुभ्र उजेड ६५०० केल्विनचा, म्हणजे निळसर असतो. ६५०० च्या उजेडात चंदनी उतरून जाते आणि तिची हिरवट झाक वर येते. ३००० च्या उजेडात दोन्ही रंग उबदार होतात, पण त्यांच्यातला फरक कमी होतो, आणि चंदनी कधी कधी हवी त्याहून पिवळी वाटते.

खोक्यावर सीआरआय असाही एक आकडा असतो. वस्तूंचे रंग दिव्याखाली किती खरे दिसतात, ते तो दाखवतो आणि त्याची कमाल १०० आहे. सर्वसाधारण एलईडी दिव्यांचा सीआरआय ८० च्या घरात असतो आणि त्यांत तांबडा रंग सर्वांत कच्चा पडतो, त्यामुळे अशा दिव्यांखाली अबोलीचे नुकसान चंदनीपेक्षा जास्त होते. अबोली निवडायची असेल तर ९० किंवा त्याहून अधिक सीआरआयचे, ३००० ते ४००० केल्विनचे दिवे घ्यावे. दोन-तीन दिव्यांचाच प्रश्न असतो आणि फरक ठळक पडतो. दिवे बदलायची तयारी नसेल, तर आहेत त्या दिव्यांत जो रंग बरा दिसतो तोच आपला, हे मान्य करावे.

सहावी पायरी: फरशी, दारे आणि छत

भिंत एकटी कधीच दिसत नाही. फलक फरशीला टेकवून, दाराच्या चौकटीला लावून आणि सोफ्याच्या मागे धरून पाहावा. कोटा फरशीत हिरवट करडेपणा असतो. तिच्याशेजारी अबोली अधिक गुलाबी दिसते आणि चंदनी शांत राहते. जुन्या घरांतल्या तांबड्या लादीवर अबोली हरवते. सागवानी दारांच्या तांबूस तपकिरी रंगाला चंदनी मला नेहमीच शोभून दिसली आहे.

भाचीच्या घरात खरी अडचण फरशीने उभी केली. तिच्या खोलीला पश्चिमेची गॅलरी आहे, म्हणून प्रकाशाच्या हिशेबाने चंदनीच योग्य ठरत होती. पण क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर पांढरा कागद ठेवून पाहिल्यावर त्यांच्यात गुलाबी झाक आहे हे ध्यानात आले, आणि त्या गुलाबी झाकेशेजारी मोहरीकडे झुकणारी चंदनी मळकट दिसू लागली. क्रीम, बेज असे म्हटले जाणारे कोणतेही दोन रंग एकमेकांशी जुळतातच असे नाही. त्यांच्या झाका विरुद्ध असतील, तर दोघांपैकी एक हमखास मळका वाटतो. टाइल्स बदलणे शक्य नसल्यामुळे नमते रंगालाच घ्यावे लागते.

छताचा विचार याच वेळी करावा. निळसर, अतिशुभ्र छताखाली चंदनी जुनाट वाटते. दुकानदाराकडून किंचित पिवळसर पांढरा करून घेतला, तर छत पांढरेच दिसते आणि भिंतीशी फटकून राहत नाही.

निर्णय

इतके पाहून झाल्यावर नोंदी समोर ठेवाव्या आणि खोली ज्या वेळी सर्वांत जास्त वापरली जाते, त्या वेळच्या नोंदीला पहिला मान द्यावा. चार वेळांपैकी तीन वेळा एकच रंग सरस ठरला असेल, तर आणखी विचार करत बसू नये. दोन्ही रंगांत एकेक ठोस उणीव निघाली असेल, तर त्या उणिवांची दिशा पाहावी. आमच्या चंदनीत हिरवट झाक जास्त होती आणि अबोलीत संध्याकाळचा तांबडेपणा जास्त होता. म्हणजे खोलीला हवा असलेला रंग त्या दोहोंच्या मध्ये, पण चंदनीच्या जवळ होता. आम्ही शेडकार्डावर चंदनीच्या शेजारची पट्टी घेतली, जिचे गडद टोक मोहरीऐवजी भाजलेल्या पिवडीसारखे होते, आणि तिच्यातली तेवढ्याच उजळपणाची छटा निवडली. तिचेही फलक करून एक दिवस पुन्हा पाहिले. संध्याकाळी तिने अंगावर ऊन घेतले तरी ती पेटली नाही, आणि टाइल्सच्या शेजारीही स्वच्छ राहिली. अबोली मात्र आम्ही टाकून दिली नाही. उत्तरेकडे खिडकी असलेल्या मागच्या खोलीत ती सुरेख दिसत होती, म्हणून तिथे एक घर फिकी करून लावली.

भिंतीची तयारी आणि मागणी

भिंतीत ओल असेल तर कोणताही रंग लावू नये. आधी गळतीचे मूळ शोधून ती बंद करावी आणि भिंत वाळू द्यावी, नाही तर क्षार फुटून पोपडे येतात आणि उबदार रंगांवर त्यांचे पांढरे डाग फार उठून दिसतात. बडोद्यात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हवेतच दमटपणा असतो, म्हणून काम त्या आधी उरकावे किंवा पावसाळा संपल्यावर भिंती वाळू देऊन सुरू करावे. दिवाळीपूर्वी रंगारी मिळणे अवघड होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. नव्या गिलाव्याला मुरायला आणि वाळायला पुरेसा वेळ द्यावा. पुट्टी, घासकाम आणि प्रायमर यांत रंगाऱ्याला घाई करू देऊ नये, कारण फलकावर पाहिलेला रंग भिंतीवर तसाच दिसायचा असेल तर खालचा थर एकसारखा पांढरा असावा लागतो.

रंग किती लागेल याचा अंदाज सोपा आहे. दहा फूट बाय बारा फूट खोलीची चारही भिंतींची मिळून लांबी ४४ फूट होते. उंची दहा फूट धरली तर भिंती ४४० चौरस फूट भरतात, आणि एक दार व एक खिडकी वजा केल्यावर सुमारे ४०० चौरस फूट उरतात. नीट तयार केलेल्या भिंतीवर एक लिटर इमल्शन दोन हातांत साधारण १२० ते १५० चौरस फूट पुरते, म्हणजे अशा खोलीला तीन लिटरांहून थोडा जास्त रंग लागेल आणि चार लिटरांत काम होईल.

सगळा रंग एकाच वेळी, एकाच प्रकारच्या बेसमध्ये करून घ्यावा. तोच सांकेतिक क्रमांक दुसऱ्या प्रकारच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या बेसमध्ये केला, तर छटा थोडी सरकते, आणि फिकट उबदार रंगांत ते सरकणे भिंतीच्या मधोमध सांध्यासारखे दिसते. डबे एकाहून अधिक असतील तर रंगाऱ्याला ते मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मग वापरायला सांगावे. पाणी डब्यावर लिहिले आहे तेवढेच घालू द्यावे. पहिल्या दिवशी एकाच भिंतीला दोन्ही हात देऊन घ्यावे, रात्री दिवे लावून ती पाहावी, आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या भिंतींना होकार द्यावा.

काम संपल्यावर उरलेला रंग फेकून देऊ नये. तो काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, शक्यतो काठोकाठ भरून ठेवावा, म्हणजे आत हवा कमी राहते आणि वर साय धरत नाही. बरणीवर खोलीचे नाव आणि तारीख लिहावी, आणि यंत्राने दिलेली चिठ्ठी डब्यावरून सोडवून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी. तिचा एक फोटोही काढून ठेवावा, कारण या चिठ्ठ्यांवरची छपाई काही वर्षांत पुसट होते.